सोयाबीनमधलं पाडस
पिंगळीच्या शिवारात जंगल नाही. परभणी-पूर्णा रेल्वेच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर काळी, सपाट जमीन. काळविटांना हेच मानवतं. त्यांना लांबवरचं दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं रान पाहिजे. चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं, पण त्याला चुकवण्यासाठी कमावलेला वेग या हरणांच्या पायांत अजून आहे.

हरभरा कोवळा असताना मी आखाड्यावर जागलीला असतो. उजाडलं की कळप नीट दिसतो. गावात म्हणतात, काळा तो बाप, बाकी त्याच्या बायका नि लेकरं. रोज बघत राहिलं की हा संसार वेगळाच निघतो. ऐन माजावरचा काळा नर कळपामागे हिंडत नाही, जागा धरून बसतो. आमच्या विहिरीवरच्या पडकात असा एक होता. लेंड्या त्याच एका ठिकाणी टाकायचा, डोळ्यापुढच्या ग्रंथीचा चिकट स्राव बोराटीच्या काडीला पुसायचा. माद्या हद्दीत आल्या की तोंड वर, शिंगं पाठीला टेकलेली, अशा ऐटीत घुरघुरत चालायचा. त्या मात्र चरून दुसऱ्याच्या शेतात निघून जायच्या. वयात येणारे नर त्याला जवळ खपत नाहीत. त्यांची टोळी वेगळी. आफ्रिकेतल्या हत्तिणी आजीच्या मागे वर्षानुवर्षं एकत्र राहतात. इथे सकाळचा कळप संध्याकाळी तोच असेल असं नाही, तो जुळतो नि फुटतो.

टिकाऊ नातं पाहायचं तर ते आई नि पाडसाचं. सोयाबीनच्या काढणीत पात धरून पुढे चाललेली काकू एकदम थांबली. तिच्या विळ्यापुढे तांबूस पाडस, मान भुईला टेकलेली, कान मिटलेले. हलत होत्या त्या फक्त बरगड्या.

"आईनं टाकलंय, घरी नेऊ, दूध पाजू," एक पोरगा म्हणाला.

"टाकलं नाही रे बाबा, लपवलंय. हात लावू नका. तेवढं सोयाबीन उभं राहू द्या."

काकूचं खरं होतं. विल्डबीस्टचं वासरू जन्मल्यावर काही मिनिटांत आईमागे पळू लागतं. काळविटाचं पाडस, आफ्रिकेतल्या थॉमसन गॅझेलसारखंच, सुरुवातीचे दिवस दडून काढतं. आई मुद्दाम लांब चरते, म्हणजे तिच्यामागे कुत्री लागली तरी पाडसाचा ठाव लागत नाही. पाजायला येते तेव्हा त्याला चाटून स्वच्छ करते, वास मागे ठेवत नाही.

दिवेलागणीला ती आली. धुऱ्यावर बराच वेळ उभी राहिली, मग सरळ त्या ठिकाणी गेली. पाडस उठलं, ढुशा देत प्यायलं आणि तिच्यामागे तुरीत शिरलं.

हरभऱ्याचे शेंडे खाल्लेले बघून माझाही जीव जळतो. पंचनामा लवकर व्हावा, भरपाई हातात पडावी, हे मागणं मी सोडणार नाही. पण पाडसाचं काय? आता काढणीला हार्वेस्टर येतो. त्याच्या आवाजानं ते उठून पळत नाही, उलट आणखी घट्ट पडून राहतं. म्हणून यंत्र आत घालण्याआधी आम्ही काकूला पुढे घालून सगळं शेत तासातासानं फिरून घेतो, आणि शेजाऱ्यांनाही तसंच करायला सांगतो.