जात्यावरचा गळा

आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात दळण म्हणजे नाचणी, नाहीतर तांदूळ. कोंबडं आरवायच्या आधी बाया जात्याला बसायच्या. सासू-सून नाहीतर जावा-जावा समोरासमोर बसून एकच खुंटा ओढायच्या. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं उचलायची. ओवीची चाल जात्याच्या फेऱ्यावर चालायची. पुढं गावात गिरणी आली. बायांच्या खांद्यांना आराम पडला, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं आणि ओवीचंही तोंड बंद झालं.

सगळ्याच ओव्या गेल्या नाहीत, ही हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांची पुण्याई. डोंगरातल्या बायांबरोबर काम करता करता त्यांनी ओव्या लिहून घेतल्या, घ्यायला लावल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी बायांचे आवाजही टेपवर घेतले. आता ‘पारी’नं ते इंटरनेटवर ठेवलंय, बाईच्या नावागावासकट.

पण हिशेब बघा. लिहिलेल्या ओव्या लाखावर, आवाजात धरलेल्या त्यामानानं थोड्या. कागदावर शब्द राहतो, चाल राहत नाही. आमच्या घरात टेप यायच्या आधीच आई गेली. तिच्या ओव्या माझ्या दोन्ही बहिणींना पाठ आहेत. शब्द एकच, पण थोरली एका चालीत म्हणते, धाकटी दुसऱ्या. दोघीही म्हणतात, आई अशीच म्हणायची. आता निवाडा कोण करणार?

सिनेमाचीही हीच गत. जुन्या फिल्मा जपायला पुण्यात 1964 साली राष्ट्रीय संग्रहालय झालं. तरी 1931 सालच्या ‘आलम आरा’ची, देशातल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज सापडत नाही. एवढा गाजलेला सिनेमा हरवतो, तिथं डोंगरातल्या बाईचा गळा आपोआप कसा टिकंल?

आता घरोघरी फोन आहेत. म्हातारीला नुसतं ‘ओवी म्हण’ म्हणू नका. ‘न्हाई बाबा आठवत’ म्हणंल. परसात पडलेलं जातं धुऊन आणा, मूठभर नाचणी द्या. हात फिरायला लागला की ओवी आपसूक ओठावर येते. आधी तिचं नाव, माहेर, सासर, तारीख बोलून घ्या. आणि फोन बदलायच्या आत त्याची एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा. बियाणं आपण एकाच कणगीत ठेवतो का?