तापल्यावर कळणारा स्वभाव

पर्युषणात उपवास करणाऱ्या आजींसाठी घरात रोज पाणी उकळले जाते. एकदा धाकट्या सुनेने घाईत, पाणी निवण्याआधीच, ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतले. पाहता पाहता बाटली आक्रसून वाकडी झाली. तिचे प्लॅस्टिक पीईटी. ते साधारण 75 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. त्याच पाण्याने भरलेला पॉलिप्रोपिलीनचा डबा मात्र जसाच्या तसा राहिला, कारण ते 160 अंशांपुढे वितळते. पातेल्याची काळी बेकेलाइटची मूठ तर वितळतच नाही.

प्लॅस्टिकचा दाणा विकणाऱ्या थोरल्या मुलाने आजींना कारण सांगितले. पीईटी, पॉलिथीन, पॉलिप्रोपिलीन यांच्या रेणूंच्या साखळ्या सुट्या असतात. म्हणून ती वितळवून पुन्हा घडवता येतात. बेकेलाइट आणि मेलामाइन यांच्या साखळ्या घडतानाच एकमेकींत कायमच्या जखडतात. अति तापवले तर ती करपतात, पण वळत नाहीत.

पेढीची वाटणी झाल्यापासून दोन वर्षे हा थोरला एकाच घरात राहून धाकट्या भावाशी बोलत नव्हता. आजी शांतपणे म्हणाल्या, "अरे, मूठ उपयोगाची खरी, पण माणसाने मूठ होऊ नये."

थोरला काही बोलला नाही. संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमण आटोपून तो जिना उतरला आणि धाकट्याच्या दारात हात जोडून उभा राहिला, "मिच्छामि दुक्कडम्."