एक टिचकी की दोन?

आमचे चिरंजीव मोबाइलची अ‍ॅपं बनवतात. परवा त्यांच्या अ‍ॅपात एका फोटोवर टिचकी मारली, तर तो उघडायला जरा रेंगाळला.

"बिघडलंय रे!"

"नाही हो बाबा. दुसरी टिचकी येतेय का, हे फोन बघतो. अँड्रॉइडमध्ये ३०० मिलिसेकंद. आली तर बदाम उमटवायचा, नाही तर फोटो उघडायचा. पहिलीवरच धावला, तर बदामवाल्यालाही फोटो उघडून मिळेल!"

मला फोनबद्दल एकदम आपुलकी वाटली. हिच्या पहिल्या हाकेनंतर मीही दुसरीची वाट बघतो. माझे मिलिसेकंद तेवढे लांबतात.

शेवटच्या आजारात आई मात्र एकदाच हाक मारायची. दुसरीपुरता दम नसायचा तिला. हे मला उशिरा कळलं.

हल्ली मी पहिल्या हाकेलाच उठतो. ही घाबरून विचारते, "बरं वाटत नाहीये का?"