पाटाचे पाणी

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्याकडील मराठी वस्त्यांतून कर्करोगाचे नाव मोठ्याने घेण्याची रीत जुन्या पिढीत नव्हती. ‘तो आजार’ एवढे म्हटले की ऐकणारा समजून घेई. अशाच एका वस्तीत, एका निवृत्त शिक्षकाच्या घरी, २०१६ च्या गणेशचतुर्थीनंतर तो आजार आला, तेव्हाही प्रथम हीच रीत पाळली गेली. गुरुजींच्या पत्नीला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता व तो यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी ही गोष्ट गुरुजींना आणि त्यांच्या मुलाला सांगितली. घरी परतल्यावर दोघांनी तिला सांगितले, “पोटात गाठ आहे, औषधाने बसेल.” तिने मान हलविली आणि ती चहा ठेवावयास आत गेली.

गुरुजींनी जन्मभर सकाळी सरकारी शाळेत आणि संध्याकाळी बैठकेत मुलांना शिकविले होते. बैठकेच्या भिंतीवर ‘सत्य बोलावे’ हे त्यांनीच स्वहस्ते लिहिले होते. त्या भिंतीकडे पाहून शिकविणे त्यांना आता जड जाऊ लागले.

डॉक्टरांनी नेहमीच्या रसायनोपचाराबरोबर आणखी एक औषध देण्याचे ठरविले होते. हे औषध कर्करोगाच्या पेशीला थेट मारीत नाही. गाठीकडे रक्त नेणाऱ्या नव्या वाहिन्या फुटू देत नाही, असे त्यांनी सांगितले. गुरुजींनी औषधाचे नाव कागदावर लिहून घेतले : बेव्हासिझुमॅब. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरी वही काढली. ज्या विषयाचे ज्ञान नाही, त्याची प्रथम टिपणे करावीत, ही त्यांची जुनी सवय होती. त्यांची नात विद्यापीठात जीवशास्त्र शिकत होती. ती लेख आणून देई, कठीण शब्द सोपे करून सांगे, आणि आजोबा वहीत उतरवून घेत.

वहीचे पहिले पान एका जुन्या गोष्टीने सुरू होते. १८८९ साली स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरात वाटेल तेथे पसरत नाही, काही अवयवांतच तो पुनःपुन्हा रुजतो, असे त्याला आढळले. त्याने बी आणि जमीन यांची उपमा दिली. बी चहूकडे उडते, पण मानवेल त्या जमिनीतच उगवते. उसाच्या मळ्यांत वाढलेल्या गुरुजींना ही उपमा समजावून घ्यावी लागली नाही.

परंतु बी उडण्यापूर्वी सुटे तरी कसे होते? पुढील पाने या प्रश्नाची आहेत. आतड्याच्या अस्तरातील पेशी एकमेकींचे हात धरून उभ्या असतात. त्या हातांचा शोध जपानमधील क्योतो येथे मासातोशी ताकेइची यांनी लावला. कॅल्शियम असेल तरच ही पकड टिकते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळाले. अनेक कर्करोगांत ही पकड ढिली होते. शेजारणीचा हात सुटलेली पेशी भोवतालच्या थरांत शिरते आणि रक्ताच्या प्रवाहात सापडते. आतड्याकडून निघणारे रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी यकृतातून जाते. म्हणून वाहून आलेल्या पेशी बहुधा तेथेच प्रथम अडकतात. आपल्या पत्नीच्या यकृताचेच नाव डॉक्टरांनी का घेतले, हे गुरुजींना त्या रात्री कळले.

वहीचा सर्वांत मोठा भाग मात्र ज्यूडा फोकमन या अमेरिकन शल्यवैद्याला दिलेला आहे. १९३३ साली क्लीव्हलंड शहरी एका ज्यू धर्मगुरूच्या घरी त्याचा जन्म झाला. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो बेथेस्डा येथे नौदलाच्या सेवेत होता. लांबच्या सागरी प्रवासात रक्ताऐवजी काही वापरता येईल काय, हे शोधण्याचे काम त्याच्याकडे व फ्रेडरिक बेकर या सहकाऱ्याकडे होते. शरीराबाहेर काढलेली गळ्यातील ग्रंथी काचपात्रात द्रव खेळवून जिवंत ठेवावयाची, आणि तीत उंदराच्या कर्करोगाच्या पेशी पेरावयाच्या, असा त्यांचा एक प्रयोग होता. त्या पेशी वाढल्या. पण एक-दोन मिलिमीटरची गाठ झाली की वाढ थांबे. तीच गाठ पुन्हा जिवंत उंदरात ठेवली की ती झपाट्याने फोफावे. दोहोंतला फरक फोकमनच्या नजरेस पडला : काचपात्रातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या, उंदराच्या शरीरात त्या फुटत होत्या.

पेशीला प्राणवायू मिळावा, तर ती सूक्ष्म रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आत असावी लागते. गाठ त्याहून मोठी झाली की मधल्या पेशी उपाशी पडतात. तेव्हा गाठच काही रसायने सोडून जवळच्या रक्तवाहिनीला हाक मारते, आणि त्या वाहिनीला गाठीच्या दिशेने नवे कोंब फुटतात, असा फोकमनचा तर्क होता. हे कोंब रोखले तर गाठ मोहरीएवढीच राहील, असे त्याने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात लिहिले.

पुष्कळ शास्त्रज्ञांना हे पटले नाही. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या म्हणजे केवळ दाहाचा परिणाम, असे त्यांचे मत होते. शल्यवैद्याने शस्त्र सांभाळावे, प्रयोगशाळेत येऊ नये, असाही काहींचा सूर होता. फोकमन वयाच्या ३४ व्या वर्षी बॉस्टनच्या बालरुग्णालयाचा प्रमुख शल्यवैद्य झाला होता. १९८१ साली त्याने ते पद सोडले आणि संशोधनालाच वाहून घेतले. गाठ जी हाक मारते तिच्यातील एक मुख्य रसायन १९८९ मध्ये नापोलेओने फेरारा यांनी वेगळे करून दाखविले. हेच रसायन जखम भरताना आणि मातेच्या उदरात गर्भ वाढताना उपयोगी पडते. शरीराची चांगली सोय गाठ आपल्या कामी लावते. ते रसायन धरून ठेवणारे औषध म्हणजेच बेव्हासिझुमॅब. अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २००४ मध्ये मान्यता मिळाली. फोकमनच्या लेखाला तेव्हा ३२ वर्षे उलटून गेली होती. आणखी चार वर्षांनी, १४ जानेवारी २००८ रोजी, एका परिषदेस जात असता डेन्व्हरच्या विमानतळावर त्याचे निधन झाले.

येथपर्यंत गुरुजींचे अक्षर सरळ आहे. पुढच्या पानावर ते बिघडलेले दिसते. त्या पानावर २००४ च्या चाचणीचे आकडे आहेत. मोठ्या आतड्याचा पसरलेला कर्करोग असलेल्या ८१३ रुग्णांवर ती झाली. केवळ रसायनोपचार घेणाऱ्यांपैकी अर्धे रुग्ण १५.६ महिन्यांपलीकडे जगले. बरोबर हे औषधही मिळालेल्यांपैकी अर्धे २०.३ महिन्यांपलीकडे जगले. नव्या रक्तवाहिन्यांना पुढे सरकताना आधार धरावा लागतो. तो आधाराचा हात रोखणारे एक औषध मेंदूच्या कर्करोगावर योजले होते, पण त्याने आयुष्य वाढत नाही असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, हीही नोंद तेथे आहे. त्याखाली गुरुजींनी एकच वाक्य लिहिले आहे : ‘एवढ्या विद्वानांची एवढी वर्षे, आणि फळ पावणेपाच महिने?’

कित्येक दिवस त्यांनी वही उघडली नाही. उघडली ती त्यांच्या पत्नीने.

तिला वाचता येत असे. बैठकेतच ती शिकली होती. एके दुपारी, औषध घेऊन आल्यावर, ती परसातल्या शूशूच्या मांडवाखाली खुर्ची टाकून बसली होती. वही तिच्या मांडीवर होती.

“अहो,” ती म्हणाली, “यात सगळं माझंच लिहिलंय. मग मला वाचून का दाखवत नाही?”

गुरुजी उभेच राहिले. मग शेजारच्या दगडावर बसले आणि त्यांनी पहिल्या पानापासून वाचावयास आरंभ केला. फोकमनच्या प्रयोगापर्यंत आल्यावर तिने त्यांना थांबविले. तिचा बाप ऊसमळ्यावर पाटकरी होता. बेटाचा पाऊस डोंगरांच्या पलीकडेच बराचसा पडून जातो. पश्चिमेकडच्या कोरड्या पट्ट्यात पाटाच्या पाण्यावाचून ऊस तगत नाही. लहानपणी बापाची भाकरी घेऊन ती पाटापाटाने चालत जाई, आणि कोणती झडप कोणत्या शेताची, हे तिला तोंडपाठ असे.

“म्हणजे हिनं चोरून पाट फोडलाय,” ती म्हणाली, “आणि हे औषध झडप लावतंय.”

“होय.”

“एक झडप लावली, तर ती दुसरीकडून फोडील का?”

वर्गात कठीण प्रश्न आला की गुरुजी खडू हातात फिरवीत. आता हातात काही नव्हते. “फोडील,” ते म्हणाले. “आज ना उद्या फोडील. इतर रसायनंही असतात.” आणि मग त्यांनी तिला आकडेही वाचून दाखविले. हे अर्ध्या रुग्णांचे गणित आहे, कोणा एकीचे नव्हे, हेही समजावून सांगितले.

तिने बोटांवर काहीतरी मोजले. “पावणेपाच महिन्यांत भोपळ्याचं एक पीक निघतं,” ती म्हणाली. “तुम्ही खाली असं का लिहिलंत? कमी का आहे ते?”

गुरुजींना उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने तीच पुन्हा बोलली. यावेळी तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “तुम्ही माझ्यापासून चार महिने लपवलंत. मी तुमच्यापासून आठ महिने लपवलं होतं. शौचाला रक्त दिसायचं. सांगणार कोणाला? लाज वाटायची. सून घरात, नात घरात. म्हटलं, मूळव्याध असेल.”

त्या दुपारी दोघांनी एकमेकांना दोष दिला नाही. दोष द्यावयाचा झाला तर तो दोघांकडे सारखाच होता, आणि त्याचे मूळ वस्तीच्या त्या जुन्या रीतीत होते. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तेव्हा तिनेच त्याला रोगाचे नाव घेऊन हाक मारल्यासारखे विचारले, “माझ्या कर्करोगाचं पुढचं औषध कधी आहे रे?” मुलगा दारातच थांबला. त्या घरात तो शब्द मोठ्याने उच्चारला गेल्याची ती पहिलीच वेळ होती.

औषधाने तिचा रक्तदाब वाढे. एकदा नाकातून रक्त आले, तेव्हा एक पाळी चुकवावी लागली. पण २०१७ ची गणेशचतुर्थी तिने पाहिली. झाकरीच्या गाण्यांना ती खुर्चीत बसून टाळ्यांनी ताल देत होती, आणि मोदकांच्या कळ्या नीट पडल्या नाहीत म्हणून सुनेला चार शब्द ऐकवीत होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती गेली. या सतरा महिन्यांतले किती औषधाने दिले, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. चाचणी शेकडो माणसांचा हिशेब मांडते, एका माणसाचा मांडीत नाही. गुरुजींनी तो हिशेब पुढे कधी केला नाही. वहीतील ते वाक्य मात्र त्यांनी एक सरळ रेघ ओढून खोडले. त्याच्या शेजारी भोपळ्याचे पीक, एवढेच लिहिले.

त्या वर्षीच्या उत्सवात महिला मंडळाने गुरुजींना बोलावयास सांगितले. स्त्रिया संतकथेच्या अपेक्षेने बसल्या होत्या. गुरुजींनी फळ्यावर एक पाट, एक शेत आणि एक चोरटी फूट काढली, आणि पत्नीचे नाव घेऊन, तिने आठ महिने काय लपविले होते, ते सांगितले. हे सांगण्याची परवानगी तिनेच त्यांना दिली होती. ते पुढे म्हणाले, “फोकमनने झडप शोधली, तिचे उपकार आहेत. पण मोठ्या आतड्याचा हा रोग पुष्कळदा लहानशा मांसल कोंबातून अनेक वर्षे हळूहळू वाढतो. पेशींनी अजून हात सोडला नसेल, तो आतड्यातच असेल, तर शस्त्रक्रियेने बहुतेकदा मुळासकट काढता येतो. तेव्हा झडपेची गरजच उरत नाही. रक्त दिसले तर मूळव्याध आहे असे स्वतःच ठरवू नका. सुनेला सांगा, लेकीला सांगा, नवऱ्याला सांगा, पण सांगा.”

सभेत कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. तेव्हा वयाने साठीच्या पुढची एक बाई पदर सावरीत गुरुजींच्या नातीजवळ आली, आणि तिला थोडे बाजूला घेऊन विचारू लागली की, अशी तपासणी करावयाची असेल तर प्रथम कोणत्या डॉक्टराकडे जावे, आणि बरोबर कोणी आले तर चालते काय.

“मी येते ना, आजी,” नात म्हणाली. “सोमवारी सकाळी तयार राहा.”