उणे पाच व्होल्टांचा शोध

अकोल्याच्या जुन्या शहरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. पत्र्याखालचा माळा तर भट्टीच होतो. अशाच एका माळ्यावरून उतरवलेला २८६ संगणक यंदा माझ्या टेबलावर आला. आणणाऱ्याने विचारले, "हे चालू होईन काय, भाऊ?"

याचे उत्तर आधी एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाला, विचारावे लागते. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे साधारण निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. माळ्यावर उन्हाळ्यामागून उन्हाळे काढलेल्या एसएमपीएसला थेट २३० व्होल्ट देणे म्हणजे मदरबोर्डाचा जीव टांगणीला लावणे. म्हणून जुन्या डब्यात नवा एसएमपीएस बसवायचा.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस होता ६३.५ वॅटचा. आज साधा एसएमपीएसही ४५० वॅटचा मिळतो, तेव्हा चिंता कसली, असे वाटते. पण त्यावरचे स्टिकर नीट वाचावे. आजची बहुतेक ताकद १२ व्होल्टवर असते, तर जुन्या चिपा आणि कार्डे पोसली जातात ५ व्होल्टवर. त्या रकान्यात १५ अँपियर लिहिले असतील, तर हाती ७५ वॅटच आले.

जुन्या एटी पद्धतीत मदरबोर्डाला दोन कनेक्टर लागतात, पी८ आणि पी९. दोन्ही सहा-सहा पिनांचे, दिसायला जुळे. लावताना काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली की बोर्ड गेलाच म्हणून समजा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणले आणि सगळे एकाच कनेक्टरमध्ये गेले, आधी २० पिनांच्या, पुढे २४ पिनांच्या. दोहोंना जोडणारी केबल मिळते. अनेक एटी कॅबिनेटांत समोरच्या बटणापर्यंत २३० व्होल्ट खेळत असतात. एटीएक्समध्ये हिरवी तार काळीला टेकली की पुरते. त्यामुळे जुने खटकेदार बटण तसेच ठेवून त्याला या दोन बारीक तारा द्यायच्या. आवाज तोच राहतो, धोका जातो.

खरी मेख आहे उणे पाच व्होल्टांची. जुन्या स्लॉटमध्ये ते यायचे पांढऱ्या तारेने. २००३ च्या सुमारास एटीएक्सच्या मानकातून ते गळले आणि ती तारही गेली. बऱ्याच बोर्डांचे त्यावाचून अडत नाही, पण काही जुनी साउंड कार्डे मुकी होतात. पहिल्या आयबीएम पीसीतल्या ४११६ मेमरी चिपांना तर उणे पाच न मिळता बारा मिळाले, तर त्या जळतात.

उपाय आहे ७९०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर. निळ्या तारेतल्या उणे बारामधून तो उणे पाच काढून देतो. त्याच्या भावाची, ७८०५ ची, धातूची पाठ ग्राउंडला असते, म्हणून ती कॅबिनेटला बिनधास्त कसता येते. ७९०५ ची पाठ मात्र इनपुटला, म्हणजे उणे बाराला जोडलेली असते. मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचे वायसर घातले नाही, तर थेट शॉर्ट!

आणखी एक. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी आता कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावतात. मग १२ व्होल्टवर भारच उरत नाही आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ वर चढून ५ खाली घसरतात. मी गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर जोडतो. पावणेदोन अँपियर खाऊन तो दोन्ही व्होल्टेज ताळ्यावर आणतो. मल्टिमीटरवर ४.७५ ते ५.२५ च्या आत आकडा थांबला, तरच बोर्ड जोडायचा.

तो २८६ तिसऱ्या दिवशी ६४० के मोजून 'बीप' म्हणाला.

एवढी खटपट कशाला? पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड अशाच यंत्रांच्या स्लॉटमध्ये बसत असे, आणि त्यामुळे पडद्यावर देवनागरी उमटत असे. त्या काळात त्यावर टंकलेला मराठी मजकूर तेव्हासारखाच पाहायचा, तर कार्डाला जुना स्लॉट हवा आणि स्लॉटला धड वीज हवी.

तुमच्या माळ्यावर असे यंत्र असेल, तर ते भंगारात देऊ नका आणि प्लगही लावू नका. आधी झाकण उघडून मदरबोर्डावर पिंपाच्या आकाराची बॅटरी आहे का ते पाहा. ती पाझरून तांब्याच्या रेघा खाते. तिला तेवढे आजच काढून टाका.