चपलेची करकर

जोगेश्वरीच्या लेण्यांतील देवीचें दर्शन घेऊन आम्ही परतत होतों, तों आमच्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल पायांत व एक हातांत, अशा थाटानें आम्हीं स्टेशन गांठलें. तेथें जिन्याच्या पायथ्याशीं एक वृद्ध कारागीर आरी, रांपी आणि मेण लावलेला दोरा पुढें मांडून बसलेले असतात. येणारेजाणारे त्यांस मामा म्हणतात. आम्हीही मामाच म्हणतों. मामांनीं चप्पल उलटीसुलटी करून पाहिली, तळ बोटानें दाबला आणि मान वर न करतां म्हटलें, "फसलासा, साहेब. तळात पुठ्ठा भरलाय. ही कोल्हापुरी न्हवं."

मामा मूळचे कागल तालुक्यांतले. त्यांच्या तोंडचा निकाल ऐकून आम्ही ओशाळलों, आणि विषय पालटावा म्हणून जुन्या चपलांच्या गोष्टी काढल्या. आमचे आजोबा घरीं आले हें आम्हां मुलांस त्यांच्या शब्दाच्या आधीं त्यांच्या चपलेच्या करकरीनें कळे, व आमचा दंगा आपोआप थांबे. तसा आवाज आतां कानीं पडत नाहीं. आम्हीं सहज विचारलें, "मामा, ती करकर कशी आणतात हो?"

मामांचा हात थांबला. "त्येवढं इचारू नगा, साहेब. त्ये घरातलं हाय."

खरें सांगावयाचें तर आम्हांस थोडा राग आला. विद्या दिल्यानें वाढते, हें आम्हीं शाळेंत पाठ केलें आहे आणि मुलांकडून पाठ करूनही घेतलें आहे. एका चपलेच्या आवाजाचें एवढें गुपित तें कसलें? अशा कोंडून ठेवण्यानेंच आपल्याकडील कित्येक कला बुडाल्या, असें मनांतल्या मनांत व्याख्यान देत आम्ही घरीं आलों. पुरावाही जवळच होता. ज्या लेण्यांतून आम्ही नुकतेच आलों होतों, तीं सहाव्या शतकांतलीं. डोंगर आंतून पोखरीत जाऊन त्याचे खांब जागच्या जागीं राखणाऱ्या त्या पाथरवटांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत, आणि त्यांच्या हातची रीतही त्यांच्याबरोबरच गेली.

परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें व्याख्यान आमच्यावरच उलटलें. विद्या दिल्यानें वाढते हें खरें. पण ज्या सुशिक्षित वर्गांत आमचा जन्म झाला, त्यानें आपली विद्या कधीं आपण होऊन दिली? अक्षरें, शास्त्रें, दप्तर आणि हिशेब हीं आमच्या पूर्वजांनीं शतकानुशतकें कुलुपांत ठेवलीं. १८४८ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांस काय सोसावें लागलें हें सर्वश्रुत आहे. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें, तेव्हां कोठें मामांच्या आजोबांच्या पिढीस पाटी हातीं लागण्याचा संभव निर्माण झाला. उलट जी विद्या विटाळाची ठरली, ती मात्र आम्हीं त्यांच्याच गळ्यांत बांधली. ढोरानें कातडें कमवावें, चर्मकारानें तें शिवावें, आणि दोघांनींही गांवाच्या कडेला राहावें! त्या बंदिवासांत जें एक भांडवल त्यांस सांपडलें, तें त्यांनीं जपलें, यांत कंजूषपणा कोणता? आमच्या कुलुपाआड सत्ता होती. त्यांच्या कुलुपाआड उद्यांची भाकर होती.

आणि तें कुलूप तरी आतां कितीसें उरलें आहे? कातडें चुन्यांत घालून केस काढावे, बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या पाण्यांत तें मुरवावें, आणि खिळा न मारतां चामड्याच्या वादीनेंच चप्पल शिवावी, ही रीत आज कोणासही वाचावयास मिळते. गांधीजींच्या प्रेरणेनें वर्ध्याजवळ नालवाडीस चर्मालय निघालें. तेथें गोपाळराव वाळुंजकरांनीं हें काम हातीं घेतलें व इतरांस शिकविलें. १९४८ सालीं मद्रासेस केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. अशा मोकळेपणानें धंद्याचें हितच होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पुस्तकांतून रीत मिळते, हात मिळत नाहीं. साल केव्हां बदलावी, पावसाळ्यांत काय संभाळावें, वेणी किती ओढावी, हें कारागिराच्या आणि त्याच्या घरांतील स्त्रियांच्या बोटांनाच ठाऊक असतें.

पाश्चात्य देशांत या प्रश्नास एक उत्तर सांपडलें आहे. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यानें १८८४ सालीं क्रोमच्या क्षारांनीं कातडें कमावण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. पेटंट हा एक सौदाच होय: तूं आपली युक्ति जगापुढें लिहून दे, आम्ही ठराविक वर्षें ती तुझीच राखूं. जो सांगतो त्याचें रक्षण करावें, हा त्यांतील न्याय. मामांच्या पूर्वजांपुढें असा सौदा घेऊन कोणी आलें नाहीं. आणि आलें असतें तरी उपयोग नव्हता, कारण पिढ्यान् पिढ्या समाईक असलेल्या जुन्या युक्तीस पेटंट मिळत नाहीं.

त्यांच्या वांट्यास आला तो दुसरा कायदा. भारतानें १९९९ सालीं भौगोलिक मानांकनाचा कायदा केला. त्याखालीं २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस मानांकन मिळालें, आणि तें महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा ८ जिल्ह्यांस मिळून. हा कायदा नांव राखतो. रीत राखीत नाहीं. जून २०२५ मध्यें मिलान शहरीं प्राडा या इटालियन पेढीनें आपल्या प्रदर्शनांत तशाच घाटाच्या चपला मिरविल्या, तेव्हां कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रांतून ओरड झाल्यावर पेढीनें त्यांचें मूळ मान्य केलें, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करार करून २००० जोड येथेंच बनविण्याचें ठरविलें. एका जोडाची किंमत सुमारें ८०० युरो!

ही हकीकत वाचतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, मिलानला जें गेलें तें गुपित नव्हतेंच. घाट तर रस्त्यावर उघडाच असतो. आमच्या पुठ्ठ्याच्या चपलेनेंही मामांचें गुपित चोरलें नव्हतें. तिनें त्यांच्या मुलखाचें नांव तेवढें घेतलें होतें. गुपित घरांत सुरक्षित राहिलें आणि नांव दारावरून गेलें. तेव्हां कारागिरानें सांगावें कीं सांगूं नये, हा वाद घालण्यापूर्वीं आपण गिऱ्हाइकांनीं खऱ्या नांवाची खरी किंमत द्यावी. ज्याचें नांव व मोल निर्धास्त आहे, त्यास सांगण्याची भीति वाटत नाहीं.

असा सिद्धान्त मनाशीं ठरवून पावसाळ्यानंतर आम्हीं मामांकडून एक जोड बनवून घेतला, व त्यांनीं सांगितली ती किंमत घासाघीस न करतां दिली. पैसे मोजून झाल्यावर ते आपण होऊन म्हणाले, "त्या दिशी करकर इचारत व्हता न्हवं? बसा." आणि त्यांनीं सारें सांगितलें.

आम्हीं नवलानें विचारलें, "आज कसें काय, मामा?"

"पोरगं पार्सलं वाटत फिरतंय, साहेब. आरी हातात धरत न्हाई. आता कुणाला सांगू?"

आमच्या चोख व्यवहारानें त्यांचें मन मोकळें झालें, असा जो समज आम्ही करून घेऊं पाहत होतों, तो जागच्या जागीं विरला. ज्याच्यासाठीं राखावयाचें तोच घेईना, म्हणून तें आमच्या ओंजळींत पडलें होतें.

"मामा, हें मासिकांत लिहूं का?"

मामा बराच वेळ ऐरणीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोराला इचारतो. माल त्येचा हाय."

नव्या चपलेच्या करकरीनें आम्ही आल्याचें हल्लीं घरांत आधींच कळतें. ती करकर कशी येते, हें मात्र आम्हीं येथें लिहिलेलें नाहीं; पोराचा होकार अद्याप यावयाचा आहे.