केसपेपरवरचे नाव

दरवर्षी १ जानेवारीला पहाटे आमच्या वस्तीतून भीमा कोरेगावला गाडी निघते. वर्गणी गोळा करणे, म्हाताऱ्यांना खिडकीशी जागा देणे ही कामे आमची. बाबासाहेब १९२७ साली याच दिवशी विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले होते, हे पोरांना गाडीत सांगायचे कामही आमचेच. २०२३ साली मात्र गाडी खाली भोंगा वाजवत उभी राहिली आणि आम्ही अंथरुणातून उठलो नाही.

अंगात ताप नव्हता. पण दीड महिना पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. ऑफिसात बेरजा चुकू लागल्या. डब्यातली भाकरी तशीच घरी परत यायची. समोरून कुणी जयभीम घालणारा दिसला, की आम्ही गल्ली बदलायचो.

आईने मीठ-मिरच्या हातात घेतल्या. "लेकराला नजर लागलीया."

सौ. म्हणाली, "आत्या, पोरांकडून बावीस प्रतिज्ञा तुम्हीच पाठ करून घेतल्या ना?"

खरे सांगायचे तर आम्ही तरी कुठे वेगळे होतो? अंधश्रद्धेवर विहारात भाषणे ठोकणाऱ्या आम्हाला सरकारी दवाखान्यातली 'मनोविकार विभाग' ही पाटी वाचून घाम फुटला. केसपेपरवर नाव सांगताना आवाज खाली गेला. रोग दोन, शरीराचा आणि मनाचा, असे भगवंतांनी सांगितले आहे. अंगुत्तर निकायातला तो भाग वर्षावासात आम्हीच समजावून दिला होता. माना डोलावणाऱ्यांत आमचीही मान होती!

डॉक्टर बाईंनी नैराश्य आहे असे सांगितले. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बरे वाटले तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे दोनदा बजावले. आम्ही विचारले, "ध्यान केले तर गोळी सुटेल का?" बाई हसल्या. "ध्यान जरूर करा. पण शुगरची गोळी ध्यान करून सोडता का?"

गोळ्या आम्ही पावतीपुस्तकांच्या डब्यात लपवल्या. थोरलीला त्या सापडल्या. तिने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्या आजीच्या बी.पी.च्या गोळ्यांशेजारी उघड्या फळीवर दिसल्या. पुढे तीच त्यांची जागा झाली.

तेव्हापासून गाडीची यादी आम्ही वेगळ्या नजरेने वाचतो. गेल्या वर्षी असलेले आणि यंदा नसलेले नाव दिसले, की वर्गणीचा विषय न काढता घरी जातो. सरकारी दवाखान्यात मनाचे उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, हे सांगतो. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून देतो. फोन फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. बहुतेक वेळा मात्र नुसते बसून चहा पितो.

यंदा तीन नावे नाहीत. दोन घरे झाली. तिसऱ्या घरी दोनदा गेलो, आतून रेडिओ ऐकू आला, पण दार उघडले नाही. उद्या संध्याकाळी सौ.ला बरोबर घेऊन पुन्हा जाणार आहोत.